सूचक, अनुमोदक आणि पासवर्ड

आमच्या सोसायटीचं नाव मी सांगणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. सोसायटी डोंबिवलीत आहे, तळमजल्यावर मीटरच्या खोलीला लागून तिचं ऑफिस आहे आणि ऑफिसच्या कुलपाची किल्ली मीटरच्या पेटीवर डाव्या कोपऱ्यात ठेवलेली असते, एवढंच सांगतो.

किल्ली तिथे असते हे फक्त कमिटीला माहीत आहे. कमिटी म्हणजे नऊ सभासद, त्यांच्या घरची मंडळी, वॉचमन, वॉचमन गावी गेला की बदलीवर येणारा त्याचा मेहुणा, इस्त्रीवाला आणि गणपतीत मंडपाचं सामान काढायला आत जाणारी झाडून सगळी पोरं. बाहेरच्या माणसाला मात्र अजिबात पत्ता नाही.

ऑफिसात एक लोखंडी कपाट, अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या, गळतीच्या तक्रारींच्या तीन फायली आणि एक डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर पाचशे एकने दिला. आमच्याकडे माणसांना नावं नसतात, नंबर असतात. 'दोनशे तीन आजारी आहेत', 'चारशे दोनच्या मुलीचं जमलं', असंच आम्ही बोलतो. तर पाचशे एकच्या मुलाने लॅपटॉप घेतला, तेव्हा त्यांनी आपला २००९ सालचा डबा सोसायटीला सप्रेम भेट दिला आणि त्याच्या पोटावर पांढऱ्या रंगाने 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ' असं रंगवूनही घेतलं. स्मरणाशी त्या यंत्राचा एवढाच संबंध.

मी खजिनदार. बँकेत चौतीस वर्षं कॅशच्या काउंटरवर काढली म्हणून हे पद माझ्या गळ्यात पडलं. बँक सुटली, पण नोटा मोजताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायची सवय सुटली नाही. मध्येच कुणी ''काका, पासबुक'' म्हटलं की पुन्हा एकपासून सुरुवात. आजही भाजीवालीचे साठ रुपये मी पुटपुटूनच देतो. ती बिचारी मी स्तोत्र म्हणतोय असं समजून हात जोडते.

एका सकाळी मी कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावरच्या गणपतीच्या जागी आमचे अध्यक्ष. मागच्या वार्षिक सभेत हिशेबाचं वाचन चालू असताना खुर्चीत डोळे मिटून, तोंड उघडं टाकून बसलेले. फोटो उत्तम होता. एक माशीसुद्धा स्पष्ट आली होती. त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावण्यात आली आणि कॉम्प्युटरला पासवर्ड लावावा, असं ठरलं.

आता ठरलं म्हणजे ठराव आला. सोसायटीत ठरावाशिवाय बल्ब बदलत नाही. पासवर्ड काय असावा यावर पावणेदोन तास चर्चा झाली. किमान आठ अक्षरं हवीत, त्यात एक मोठ्या लिपीतलं हवं, एक आकडा हवा आणि एक चिन्ह हवं, असं चारशे दोनने ऑफिसातल्या अनुभवावरून सांगितलं.

''मराठीत का नको?'' अध्यक्षांनी विचारलं.

''मराठीत कॅपिटल अक्षर नसतं.''

''नसायचंच! आपल्या लिपीत कुणी लहान-मोठं नाही. सगळी एका रेषेखाली.''

टाळ्या पडल्या. पण आकडा आणि चिन्ह राहिलंच. शेवटी सोसायटीचं नाव, पुढे 'अ‍ॅट' आणि पुढे १२३ अशी सूचना सेक्रेटरींनी मांडली. तिला दोनशे तीनने अनुमोदन दिलं. शेवटी उद्गारचिन्ह घालावं अशी उपसूचना चारशे दोनकडून आली आणि ती सात विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाली. पासवर्ड दर महिन्याला बदलावा आणि त्यासाठी दर महिन्याला सभा घ्यावी, असंही ठरलं. सेक्रेटरींनी सुवाच्य अक्षरात इतिवृत्त लिहिलं : ठराव क्रमांक अमुक, पासवर्ड तमुक, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. आणि आमच्या तीस वर्षांच्या प्रथेप्रमाणे त्याची एक प्रत लिफ्टशेजारच्या सूचनाफलकावर लावली.

पासवर्ड सूचनाफलकावर लावणारे आम्ही पहिलेच, असं मात्र कुणी समजू नये. हा मान अमेरिकेतल्या एमआयटीचा. पुण्याची नव्हे, मॅसॅच्युसेट्सची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक मोठा कॉम्प्युटर होता आणि तो पुष्कळ जण वाटून वापरत. थोडक्यात, सोसायटीच. एकाची फाइल दुसऱ्याने उघडू नये म्हणून फर्नांडो कॉर्बातो आणि मंडळींनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. कॉम्प्युटरचा पासवर्ड सुरू झाला तो तिथून, असं मानतात. तो फुटलाही तिथेच. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला वाट्याला येणारे चार तास पुरेनात, म्हणून त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. आमच्याकडे पाण्याच्या वेळेवरून जे होतं, तेच.

पण खरी गंमत १९६६ ची. दोन पदाधिकारी एकाच वेळी त्या कॉम्प्युटरवर काम करत होते. एक जण सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ दिसणारी सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. काम चालू असताना दोघांची कच्ची फाइल एकाच नावाने ठेवली जात होती, आणि तिची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो कॉम्प्युटरपाशी आला, त्याला 'आजची सूचना' म्हणून सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले. दोन पदाधिकाऱ्यांनी एकाच वेळी काम केलं की असं होतं. आमच्या सोसायटीत हा धोका एरवी नसतो.

फलकावरचं इतिवृत्त वाचून जिन्यात हसत बसलेला पहिला इसम म्हणजे एकशे चार. म्हणजे एकशे चारचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माशीचा तो फोटो त्यानेच काढला असावा, असा माझा आजही अंदाज आहे. तो ऑफिसात येऊन म्हणाला, ''काका, फलकावर लावलंत ते सोडा. पण हा विंडोजचा पासवर्ड. तो म्हणजे हॉलचं दार. मी माझा पेनड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू केला, तर मी हॉलच्या दाराकडे येतच नाही. गॅलरीतून आत.''

''मग गॅलरीला ग्रिल बसवू.''

''तेच. त्याला बायॉस म्हणतात.''

एकशे चारने समजावलं ते असं. बटण दाबल्यावर विंडोज लगेच येत नाही. त्याआधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि यंत्राचे हातपाय तपासतो. मेमरी आहे का, डिस्क आहे का, कीबोर्ड आहे का. सगळं जागेवर असेल तर एकदाच 'टुक' करतो. हे ऐकून मला यंत्राबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. साठीनंतर मीही सकाळी असाच उठतो. गुडघा आहे, कंबर आहे, चष्मा आहे, मग पाय खाली. फरक इतकाच की माझं 'टुक' एकदा होत नाही.

तर हा छोटा प्रोग्राम पुढे ठरवतो की कारभार कुणाच्या हाती द्यायचा : आतल्या डिस्कच्या, सीडीच्या की पेनड्राइव्हच्या. हा क्रम म्हणजे बूट ऑर्डर. क्रमात फक्त डिस्क ठेवायची, बाकीची नावं काढून टाकायची आणि हा क्रम कुणाला बदलता येऊ नये म्हणून त्या प्रोग्रामलाच वेगळा पासवर्ड घालायचा.

मला एकदम रायगड आठवला. हिरकणीची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संध्याकाळी तोफ झाली, दरवाजे बंद झाले, पहारेकरी नियमाला धरून होते, आणि घरी तान्हं बाळ टाकून दूध विकायला आलेली गवळण अंधारात कडा उतरून खाली गेली. आख्यायिकेत महाराजांनी तिला पकडून आणून जाब विचारला नाही. साडीचोळी देऊन गौरव केला आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला. आपण मात्र अशा वेळी दरवाजाचं कुलूप बदलतो. महाराजांनी कडा बघितला. बूट ऑर्डर म्हणजे हाच कडा, हे मी कमिटीला सांगितलं. 'रायगड' म्हटल्यावर ठराव बिनविरोध मंजूर झाला.

बायॉसच्या सेटअपमध्ये शिरणं मात्र रायगड चढण्यापेक्षा अवघड निघालं. बटण दाबल्यावर दोनेक सेकंद पडद्यावर एक ओळ येते. त्या दोन सेकंदांत 'डिलीट' ही कळ दाबायची. काही मशीनना एफ-२ लागते, काहींना एफ-१०. वेळ चुकली की विंडोज सुरू. अध्यक्षांचा आग्रह की ही कळ अध्यक्षांच्याच शुभहस्ते दाबली जावी. पहिल्या खेपेला ते चष्मा शोधत राहिले. दुसऱ्या खेपेला त्यांनी ओळ पूर्ण वाचून मगच दाबली. तिसऱ्या खेपेला 'डिलीट' या शब्दाला घाबरून त्यांनी बोट मागे घेतलं. ''हिशेब पुसले गेले तर?'' शेवटी एकशे चार म्हणाला, ''काका, आठ-अकराची फास्ट समजा. गाडी थांबायची वाट बघायची नाही.'' चाळीस वर्षं डोंबिवलीहून व्हीटी केलेला माणूस. डाव्या पायावर वजन घेऊन त्यांनी असं काही बोट मारलं की एका दमात आत!

निळा पडदा, पांढरी अक्षरं. माऊस निकामी, सगळं बाणांच्या कळांवर. वर तारीख होती ती अमेरिकी पद्धतीची, आधी महिना आणि मग दिवस. ती बघून अध्यक्षांनी आपला वाढदिवस होऊन गेल्याची खात्री करून घेतली. मग 'सिक्युरिटी' या पानावर दोन ओळी आल्या. एक सुपरवायझर पासवर्ड, एक यूजर पासवर्ड. सुपरवायझरला सगळ्या सेटिंगमध्ये हात घालता येतो, यूजरला फक्त मशीन चालू करता येतं.

''सुपरवायझर अर्थात मी,'' सेक्रेटरी म्हणाले. ''रोजचा कारभार मी बघतो.''

''आणि मी काय यूजर?'' अध्यक्ष उसळले. ''या सोसायटीत मी सतरा वर्षं अध्यक्ष आहे. मी काय वापरणाऱ्यांतला आहे?''

''मग तुम्ही सुपरवायझर व्हा.''

''मी सुपरवायझर? गोदीत माझ्या हाताखाली सहा सुपरवायझर होते!''

अशा वेळी बँकेतला माणूस उपयोगी पडतो. मी सांगितलं की बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन अधिकारी, दोघांनी एकत्र उभं राहायचं. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. आपणही एकच पासवर्ड ठेवू आणि त्याचे दोन तुकडे करू. पहिली चार अक्षरं अध्यक्षांची, पुढचे चार आकडे सेक्रेटरींचे. एकाचं दुसऱ्याला कळणार नाही. चालू करायला दोघं लागतील. माझ्या आयुष्यात मी सुचवलेल्या कल्पनांपैकी ही सर्वांत वाईट. पण त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

विधी गंभीरपणे पार पडला. अध्यक्षांनी टाइप करताना आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सेक्रेटरींनी टाइप करताना अध्यक्षांनीही केलं. भिंतीकडे तोंड करून उभे असलेले पाच ज्येष्ठ नागरिक बघून पाणी भरायला आलेल्या वॉचमनने बादली तशीच ठेवली आणि चप्पल काढून तोही उभा राहिला. एफ-१० दाबून सगळं जतन केलं. 'टुक' झालं.

महिनाभर ठीक चाललं. मला बिलं काढायची असली की सकाळी सातला अध्यक्ष बर्म्युडात आणि सेक्रेटरी अंघोळीच्या पंचात खाली यायचे. आपापली चार-चार अक्षरं टाकून, एकमेकांकडे संशयाने बघत वर जायचे. तो पुढचा ठराव, म्हणजे दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा, आम्ही सोयीने विसरलो होतो. हा नियम जगभर पसरला त्याला अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतले बिल बर नावाचे गृहस्थ बरेचसे कारणीभूत. अक्षरं, आकडे, चिन्हं मिसळा आणि वरचेवर बदला, असं त्यांनी २००३ मध्ये लिहून ठेवलं. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेनेही नियम बदलले. सक्तीने बदलायला लावलं की माणूस १ चा २ करतो आणि कामाला लागतो, त्यापेक्षा लांबलचक पासवर्ड ठेवा आणि फुटल्याशिवाय बदलू नका, असं त्यांचं आताचं म्हणणं. मला हे वाचून फार बरं वाटलं. बँकेत मी दर महिन्याला इमानदारीने पासवर्ड बदलत असे. जानेवारीत 'जानेवारी', फेब्रुवारीत 'फेब्रुवारी'.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ कोसळलं. गच्चीवरच्या ताडपत्रीवरून अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांचं बिनसलं. ताडपत्री कुणाच्या बेडरूमवर आधी घालायची, एवढाच प्रश्न होता. पण बोलता बोलता गोष्ट १९९८ च्या पार्किंगपर्यंत गेली. दोघांनी बोलणं टाकलं. एक लिफ्टमध्ये असला की दुसरा जिना चढायचा. सेक्रेटरींना गुडघ्याचा त्रास, तरी!

आणि कॉम्प्युटर बंद.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे, असा कायदा आहे. त्याआधी हिशेब छापायचे, थकबाकीची बिलं काढायची. मी अध्यक्षांकडे गेलो. ''माझी चार अक्षरं तयार आहेत. आधी त्यांना टाकू दे.'' सेक्रेटरींकडे गेलो. ''पहिली चार अक्षरं कुणाची? त्यांची. मग आधी कोण टाकणार?'' मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता.

मी स्वतः प्रयत्न केला. तीन वेळा चुकलं की मशीन हटून बसतं. वायर काढून पुन्हा लावायची, पुन्हा 'टुक'. रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. इंग्रजीतली सव्वीस अक्षरं, चार जागा, म्हणजे नुसत्या अध्यक्षांच्या वाट्याच्या ४,५६,९७६ शक्यता. तीन प्रयत्नांना दोन मिनिटं धरली, तर रात्रंदिवस बसून सात महिने. सभेला वीस दिवस. त्यापेक्षा ताडपत्री मीच विकत घेणं स्वस्त होतं. ती घेऊन दोघांच्याही बेडरूमवर एकदम घातली. त्यावर दोघांचंही म्हणणं, दुसऱ्याच्या बाजूची जास्त चांगली आहे.

शेवटी पुन्हा एकशे चार. तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, मेन बंद केला, वायर उपटली आणि कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ असलेला पत्रा उघडला. आत पावशेर धूळ आणि मधोमध रुपयाएवढी एक चकचकीत चकती. ''काका, हा सेल. सीआर-२०३२. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. वीज गेली तरी घड्याळ आणि सेटिंग लक्षात राहावं म्हणून असतो. या जुन्या मशीनमध्ये पासवर्डही त्याच्याच जिवावर. सेल काढला की सगळं विसरणार.''

''म्हणजे एवढ्या सगळ्या ठरावांची राखण हा करत होता?''

''हो. आणि हाही मरायला टेकलाय.'' मग त्याने मला नीट समजावलं. नव्या मशीनमध्ये, विशेषतः लॅपटॉपमध्ये, हा पासवर्ड न विसरणाऱ्या वेगळ्या चिपमध्ये असतो. तिथे सेल काढून काही साधत नाही. ''पण काका, चोर एवढंही करत बसणार नाही. डिस्कच काढून घरी नेईल आणि दुसऱ्या मशीनला लावेल. डिस्कवरचा मजकूरच कुलूपबंद करायला पाहिजे, एन्क्रिप्ट.'' मी वळून कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. त्याला सात लिव्हरचं कुलूप आहे. मागचा पत्रा चार स्क्रूंवर आहे, आणि त्यातले दोन नाहीत. तीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

नवा सेल हवा होता आणि रात्रीचे साडेदहा झाले होते. एकशे चार म्हणाला, असाच सेल वजनकाट्यातही असतो. आमच्या इमारतीत वजनकाटा एकाच घरी, तीनशे दोनच्या वहिनींकडे. त्यांनी काटा उलटा करून, वीस पैशांचं नाणं फिरवून सेल काढून दिला. ''घेऊन जा भाऊजी. चार दिवस तरी मेलं खरं बोलणार नाही.''

सेल बसला, 'टुक' झालं, पासवर्ड न विचारता विंडोज आलं. मला इतका आनंद झाला की मी रात्रीतच बिलं छापायला घेतली. एकशे चार सकाळच्या लेक्चरसाठी झोपायला गेला. जाता जाता तारखेचं काहीतरी म्हणाला, ते मी प्रिंटरच्या आवाजात ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारशे एक स्वतःहून माझ्या दारात. हे गृहस्थ मेंटेनन्स मागायला गेलं की घरात नसतात. टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, पण ते नसतात. जानेवारी २०२५ पासून ४८,००० रुपये थकलेले. ते आज हसतमुखाने उभे, हातात पेढे आणि बिल. ''खजिनदार साहेब, सोसायटीकडून मला एक लाख तेरा हजार येणं आहे. चेक द्याल की रोख?''

मी बिल पाहिलं. सही माझीच होती. थकबाकीवर सरळव्याजाने वर्षाला २१ टक्के, आमच्या उपविधींत बसणारा कमाल दर, आणि त्याचं सूत्र मी एक्सेलमध्ये मोठ्या अभिमानाने स्वतः घातलेलं : आजची तारीख वजा देय तारीख. सेल काढल्यावर यंत्र आजची तारीख विसरलं होतं. इंटरनेटचं कनेक्शन आम्ही सुरक्षेसाठी घेतलेलंच नाही, त्यामुळे तारीख परस्पर सुधारायलाही वाव नव्हता. यंत्राच्या मते तो दिवस होता १ जानेवारी २००९. म्हणजे चारशे एकने पैसे थकवले नव्हते, सोळा वर्षं आधी आगाऊ भरायचं राहू दिलं होतं. व्याज उणे एक लाख एकसष्ट हजार. मुद्दल वजा करून बाकी त्यांची.

सबंध इमारतीत थकबाकीदार म्हणून कुणी उरलाच नव्हता. सूचनाफलकापुढे गर्दी होती. ज्यांनी वेळच्या वेळी पैसे भरले, ते चार जण तेवढे हात चोळत उभे होते. आणि गर्दीच्या मधोमध अध्यक्ष आणि सेक्रेटरी खांद्याला खांदा लावून मला शोधत होते. तीन आठवड्यांनी त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

त्या रात्री सगळी कमिटी ऑफिसात जमली. तारीख दुरुस्त झाली, बिलं रद्द झाली, पेढे आधीच संपले होते. तेवढ्यात तीनशे दोनच्या वहिनी चहाचा थर्मास घेऊन आल्या. सेल परत मिळेल का, हेही विचारायचं होतं. सगळा प्रकार ऐकून त्या म्हणाल्या, ''पण एवढं मशीन खोलायचं कशाला? पासवर्ड माझ्याकडे होता की.''

थर्मासमधून कपात पडणाऱ्या चहाचा आवाज तेवढा येत राहिला.

''अध्यक्षांचा अर्धा त्यांच्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे. दुधाच्या हिशेबाखाली. चार इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्याकडे दूध तर पिशवीचं येतं, म्हणजे दूधवाल्याचं नाव नव्हे. हळदीकुंकवाला सगळ्यांनीच बघितलंय. आणि सेक्रेटरींचं काय, स्कूटरचा नंबर. दुसरं काय असणार? वाय-फायलाही तोच, गच्चीच्या कुलपालाही तोच.''

''अहो वहिनी, मग सांगितलं का नाहीत?''

''मला कुणी विचारलंच नाही.''

वीस दिवस! दोन पुरुष जिन्याने चढत-उतरत होते, मी रात्री जागून लाखांचे गुणाकार करत होतो, आणि तिसऱ्या मजल्यावर अख्खा पासवर्ड कांदेपोहे करत होता. आम्ही भिंतीकडे तोंड करून दरवाजा राखला आणि कडा हळदीकुंकवाकडे उघडा ठेवला. अध्यक्ष काहीतरी बोलणार होते, पण मी त्यांना रायगडाची आठवण करून दिली. वहिनींना कमिटीवर घ्यावं, असा ठराव मी मांडला. अनुमोदन अध्यक्षांनी आणि सेक्रेटरींनी एकाच वेळी दिलं.

वहिनींनी पहिल्याच बैठकीत मीटरच्या पेटीवरची किल्ली उचलून कमरेला लावली. सूचनाफलकावरून ठराव उतरवला. पासवर्ड तुकड्यांचा नको, एकाच माणसाकडे असावा, तो माणूस खजिनदार असावा आणि एक प्रत बंद पाकिटात, वरून सही मारून, असं त्यांनी सांगितलं. बँकेत आम्ही हेच करायचो. मला सुचलं नव्हतं. पासवर्ड कसा असावा तेही त्यांनीच सांगितलं. ''लांब असू दे. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या. घरातल्या कुणाचं नाव नको, गाडी नको, देव नको.''

मी चार शब्द मनात धरले. फार सुंदर चार शब्द होते. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वॉचमननेही चप्पल काढली. मी पहिला शब्द टाइप केला, दुसरा टाइप केला.

''भाऊजी,'' भिंतीकडे बघतच वहिनी म्हणाल्या, ''पुटपुटू नका. ऐकू येतंय.''

मी ओठ घट्ट मिटले. आणि तिसरा शब्द काय होता, ते विसरलो.